खाडीत मासे धरायचा रॉड घ्यायला गेलो आणि 11,489 रुपयांना गंडलो

11,489 रुपये. आधी 8,499, मग 650, मग 2,340. तिन्ही वेळा पिन माझ्याच बोटांनी टाकलाय, कुणी हात धरला नव्हता. हे आधीच सांगतो, म्हणजे "मग पाठवलेच कशाला?" हे विचारायचे कष्ट कुणाला नकोत. घरात ते ऐकून झालंय, बँकेत झालंय आणि पोलीस ठाण्यात तर चहा पीत पीत विचारून झालंय.

लिहितोय ते आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांसाठी. पंचगंगेवर कणकेचा गोळा लावून रोहू-कटला काढण्यात हात बसलाय आणि आता गगनबावड्यावरून खाली उतरून विजयदुर्ग-देवगडच्या खाडीत लूर (गळ लावलेला नकली मासा) फेकायचं डोक्यात घेतलंय, अशी बरीच मंडळी आहेत. इथल्या दुकानात गळ, तंगूस, शिसं सगळं मिळतं. पण 5 ते 20 ग्रॅमचा लूर फेकणारा हलका रॉड मागितला की दुकानदार तोंडाकडे बघत बसतो. मग आपण मोबाईल उघडतो. हे चोर तिथंच टपून बसलेत.

मला काय पाहिजे ते पक्कं माहीत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण "काही कळत नसताना घेतलं असणार" असं तोंडावर म्हणणारेही भेटले. सात फुटी, दोन तुकड्यांचा कार्बन रॉड. 2500 नंबरचं रीळ. 1 नंबरची ब्रेडेड (विणलेली) दोरी आणि तिला पुढं 30 पौंडाचा फ्लोरोकार्बन लीडर (लूरजवळचा जाड, चिवट तुकडा), कारण चोणकाच्या (वर रत्नागिरी-रायगडकडं जिताडा) गालाची कड बारीक दोरी सहज कापते आणि तांबोशीला गळ लागला की ती सरळ कांदळवनाच्या मुळांत घुसते, जिथं कालवं (धारदार शिंपले) चिकटलेली असतात. लूर म्हणाल तर मीटरभर बुडणारे 9 सेंटिमीटरचे मिनो (बारक्या माशाच्या आकाराचे), 7 आणि 10 ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) लावायचे रबरी शॅड, पहाटेसाठी एखादा पॉपर (पाण्यावर फटफटणारा लूर), एखादा चमचा (चमच्यासारखा चकचकीत पत्रा). ओहोटी लागली की ओहोळांतून बारकी मासळी आणि कोळंबी खाडीत ओढली जाते आणि मोठा मासा ओहोळाच्या तोंडाशी उभा राहतो. तिथं हलकंच सामान चालतं. यात माझं काय चुकलं?

मोबाईलवर दिसलेल्या जाहिरातीत नेमकं हेच होतं. "एस्टुअरी लाइट कॉम्बो": रॉड, नावाजलेल्या जपानी कंपनीचं रीळ, 150 मीटर आठपदरी ब्रेड, लीडर आणि 12 लूर, सगळं 8,499 ला. वर पत्ता कोल्हापुरातल्या राजारामपुरीचा. आता मला सांगा, गावातलाच माणूस, मराठीत बोलतोय, राजारामपुरीचा पत्ता देतोय, कोण संशय घेईल? भावही असा की फार स्वस्त नाही. 1,999 म्हटलं असतं तर मीही हसून पुढं गेलो असतो. शहाणा ठग भाव तेवढाच उतरवतो जेवढ्यात आपल्याला वाटतं, "चला, दोन पैसे वाचले."

तरी कळायला हवं होतं, आणि तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. विकणाऱ्यानं एक फोटो पाठवला. "सर, आपल्या कस्टमरनं काल मालवणच्या खाडीत काढला, ह्याच लूरवर." फोटोतला मासा होता लार्जमाउथ बास. अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा! हिरवट अंग, बाजूनं काळा पट्टा, जबडा डोळ्याच्याही मागं गेलेला. मालवणच्या खारट पाण्यात तो कुठून येईल? मी तो ओळखला होता. ओळखून मनाशी म्हटलं, फोटो काय, सगळेच नेटवरून उचलतात. अहो खरंच उचलतात, चांगले दुकानदारही उचलतात. पण हा "काल" म्हणाला होता.

त्याच्याही पुढचं ऐका. मी विचारलं, या रॉडवर 10 ग्रॅमचा जिगहेड नीट जाईल का? उत्तर आलं, "सर टेन्शन नको, अल्ट्रा लाइट आहे, 250 ग्रॅमपर्यंत कास्ट होतो." ज्यानं आयुष्यात एकदा तरी लूर फेकलाय त्याला हे वाक्य कानात बोचेल. 250 ग्रॅम फेकणारा रॉड हा खडकावरून मोठ्या माशाला वापरायचा सोटा. अल्ट्रा लाइट रॉड पाच-सात ग्रॅमच्या वर ताणला तर शेंडा मोडतो. ही दोन्ही एका रॉडमध्ये असू शकत नाहीत. मी ते वाचलं, थांबलो, आणि समजलो की याला माल विकता येतो, मासे धरता येत नसतील. विकणाऱ्याला वजनं विचारत जा. अडखळला तर बाजूला व्हा, माझ्यासारखी त्याच्या वतीनं वकिली करू नका.

पैसे पाठवताना ॲपवर जे नाव दिसलं ते दुकानाचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. "सर, अकाउंटंटचं खातं आहे." बरं. पुढं 650 शिपिंग इन्शुरन्स, "रिफंडेबल". आणि मग कहर: "लूर जपानवरून आलेत, मुंबईत कस्टमला अडकलेत, 2,340 भरले की उद्या सुटतात." राजारामपुरीत स्टॉक आहे म्हणणाऱ्याचा माल मुंबईत कसा अडकला, हे मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. तो म्हणाला, "तुमचा कलर संपला होता सर, म्हणून नवीन लॉट." 9,149 आधीच गुंतलेले असले की माणूस असली उत्तरं गिळतो. सीमाशुल्क कुणाच्या खासगी यूपीआयवर भरत नाहीत, त्याची रीतसर पावती असते. एवढं तरी पाठ करून ठेवा.

पार्सल आलं. हो, आलं! आणि खरी मेख तिथंच आहे, पण ती नंतर सांगतो.

रॉड हातात घेतल्या घेतल्या जड लागला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर ठेवला, 238 ग्रॅम. सात फुटाचा हलका कार्बन रॉड साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. हा फायबरग्लास, त्यावर कार्बनच्या विणीचं छापील स्टिकर. मुठीजवळ नखानं खरवडलं तर कागद निघाला, खाली पांढरी नळी. मावशी म्हणाल्या, "कशाची काठी हो दादा ही?" काय सांगणार.

रीळावर कंपनीचं नाव बरोबर, स्पेलिंगही बरोबर. पण हँडल उलट फिरवलं की अर्धा वेढा मागं जायचं आणि आतून वाळू भरल्यासारखा आवाज. खोक्यावर "13+1 बेअरिंग" असं मोठं छापलेलं. बेअरिंगच्या आकड्यावर रीळ कधीच घेऊ नका, तो आकडा छापायला पैसे लागत नाहीत.

दोरीची परीक्षा घरच्या घरी होते. गाठ मारायची नाही, कारण गाठ कमजोर असते आणि मग विकणारा तेच कारण देतो. दोन्ही टोकांना काठीवर आठ-दहा वेढे द्यायचे आणि बादली उचलायची. खोक्यावर 40 पौंड, म्हणजे 18 किलो. आठ लिटर पाण्याची बादली जमिनीवरून सुटायच्या आत दोरी तुटली. बाथरूमभर पाणी, आणि त्यावर घरच्यांचं भाषण वेगळं.

बारा लूर, बारा रंग, साचा मात्र एकच. आणि सगळ्यांच्या तोंडाला मोठी, तिरकी, रुंद जीभ. ही जीभ लूरला खोल नेण्यासाठी असते. आपल्या खाडीच्या काठाला दीड-दोन मीटर पाणी, तिथं असला लूर थेट चिखलात नाहीतर कालवांत. उथळ पाण्याच्या मिनोची जीभ बारकी असते. फोटोत आधी ती बघायची, रंग नंतर. पावसानंतर गढूळ पाण्याला सोनेरी, निवळलं की चंदेरी-पांढरा, एवढं रंगशास्त्र पुरतं. त्याच बादलीत लूर सोडले तर त्यातले सात कुशीवर तरंगले. तीन काट्यांचा गळ पकडीनं हलकासा दाबला तर सरळ झाला. असल्या गळावर चोणक? हसण्यावारी नेलं असतं, पैसे माझे नसते तर.

त्याला फोन केला. "सर, प्रॉडक्ट सेम आहे, लॉट चेंज झालाय." व्हिडिओ पाठवला. ब्लॉक.

आता ती मेख. पैसे घेऊन काहीच पाठवलं नसतं तर सरळसरळ फसवणूक. पण कचरा का होईना, पार्सल पाठवलं की तो "मालाबद्दलचा वाद" होतो. या चोरांना हे पक्कं ठाऊक आहे. पार्सल येईपर्यंत मुद्दाम दिवस काढतात, कारण 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन केला तर पैसे पुढं काढून नेण्याआधी गोठवता येतात. उशीर झाला की खातं रिकामं. मी फोन केला तेव्हा तक्रारीचा क्रमांक मिळाला. बाकी काही उरलं नव्हतं. तुम्हाला जरा जरी शंका आली, पार्सलची वाट न बघता तेव्हाच 1930 लावा.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना सर? मग हे ऑथराइज्ड आहे." रिझर्व्ह बँकेनं 2017 ला परिपत्रक काढलं होतं, पण ते आपल्या नकळत गेलेल्या पैशांचं. मग निदान समोरच्या खात्यावर तक्रार तरी नोंदवा म्हटलं, तर "मेल करा". मेलला उत्तर आलं ते यंत्रानं लिहिलेलं, त्यात माझं आडनावसुद्धा चुकलेलं.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी आधी रक्कम विचारली, मग कशासाठी ते विचारलं. सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा हसला. "मासे धरायला साडेअकरा हजार? अहो, एवढ्यात वर्षभर पापलेट खाल्लं असतं!" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं, काय करणार. मग "माल मिळालाय ना? ग्राहक मंचात जावा." मी म्हटलं, नकली माल, खोटा पत्ता, कस्टमच्या नावानं उकळलेले 2,340, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? "तुम्ही वकील आहात का?" नाही. "मग अर्ज देऊन जावा." खातं दुसऱ्या राज्यातलं निघालं, तर म्हणे आपली हद्द नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असते. हे मी घरी येऊन वाचलं, पुन्हा गेलो, तर ते साहेब बंदोबस्तावर. परत गेलो, रजेवर. अर्जाच्या पोचवर शिक्का मारून घ्यायलासुद्धा दुपार गेली. अर्ज दिलात तर शिक्क्याशिवाय उठू नका, नाहीतर उद्या "आलाच नव्हता" म्हणतात. तिथल्या एका तरुण शिपायानं बाहेर येऊन हळूच सांगितलं, "भावा, अशा लई येतात." मग लई येतात तर एकत्र का करत नाही?

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही होते. ऐकायला छान आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. राजारामपुरीतल्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. त्या बिचाऱ्याला रोज कुणी ना कुणी येऊन रॉड मागतंय म्हणे, त्यानं आता दारावर कागदच चिकटवलाय.

बिलावरचा जीएसटी क्रमांक तेव्हाच बघायला हवा होता. महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. माझ्या बिलावर 07 आहे, म्हणजे दिल्ली. खाली पत्ता राजारामपुरी!

पेज नव्या नावानं परत सुरू झालंय. तोच मासा, तोच "काल", कॉम्बो मात्र आता 8,999. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 खाली सारखी तक्रार असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्र येऊ शकतात. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, सगळे मेसेज आणि तिन्ही व्यवहारांचे क्रमांक माझ्याकडे आहेत. तुमच्याही बिलावर राजारामपुरी आणि 07 असेल तर ते फेकू नका, माझ्यापर्यंत पोचवा. तक्रारीचा मसुदा मी लिहायला घेतलाय.