काणकोणातील तीन दिवस: हॉस्टेल, कासवे आणि खोतीगावचे रान

फोंड्याहून काणकोणला जाणे आम्हा गोवेकरांना सहल वाटत नाही. तरीही यंदाच्या फेब्रुवारीत मी, धाकटी बहीण आणि कॉलेजात शिकणारी भाची अशा तिघी पाळोळ्याजवळच्या एका लहान हॉस्टेलमध्ये तीन दिवस मुद्दाम राहिलो, कारण कासवांचा विणीचा हंगाम घाई न करता पाहायचा होता.

खोली सहा जणींची, फक्त बायकांसाठी. प्रत्येक खाटेला जाड पडदा, वाचायला दिवा आणि कुलपाची पेटी होती. न्हाणीघर स्वच्छ होते. वरच्या खाटेची शिडी अरुंद आणि उभी असल्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्यांनी खालची खाट आधीच मागून घ्यावी. सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू ऐकू आला की स्वयंपाकघरात पाव येत आणि पातळभाजीबरोबर मिळणारा तो नाश्ता तिघींनाही मनापासून आवडला.

मात्र या जागेची खरी किंमत मला कळली ती रात्री. दहा वाजले की समुद्राकडच्या बाजूचे सगळे दिवे मालवले जातात आणि गाणी बंद होतात. कासवाची पिल्ले वाळूतून वर आली की अधिक उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धाव घेतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते, पण मागे दिवे जळत असले तर तीच पिल्ले उलट दिशेला, जमिनीकडे भरकटतात. हा नियम खोल्यांच्या दारांवर मराठीतही लिहिलेला पाहून मला फार बरे वाटले.

गालजीबागचा किनारा तेथून स्कूटरने जवळच आहे. मोरजी, मांद्रे आणि आगोंद यांच्याप्रमाणे येथेही ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि वनखाते त्या घरट्यांना जाळीचे कुंपण घालून राखण करते. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात, ती सुमारे दीड ते दोन महिन्यांनी फुटतात आणि वाळू अधिक तापली तर त्यांतून माद्या अधिक निपजतात. दुसऱ्या दिवशी उजाडताना वनरक्षकांनी पिल्ले सोडली तेव्हा आम्ही दोरीच्या अलीकडे उभ्या होतो. तळहाताहून लहान असलेली ती काळपट पिल्ले लाटेने दोनदा मागे फेकली गेली आणि तिसऱ्यांदा पाण्यात शिरली. त्या वेळी भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. हॉस्टेलने ठरवून दिलेल्या होडीतून आम्ही डॉल्फिन पाहायला गेलो. या किनाऱ्याजवळ कुबडाचे डॉल्फिन बारमाही दिसतात आणि श्वासासाठी त्यांना वर यावेच लागते. आमच्या होडीवाल्याने मात्र पाठ दिसताच इंजिन वाढवून त्यांच्यावर होडी घातली आणि आम्ही नको म्हटल्यावरही ते पुन्हा केले. किनाऱ्यावर इतकी काळजी घेणाऱ्या हॉस्टेलने पाण्यावरच्या माणसाची निवडही तितक्याच काळजीने करायला हवी, हे मी व्यवस्थापक मुलीला सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि वहीत नोंदवले.

शेवटची सकाळ खोतीगाव अभयारण्यासाठी ठेवली. 1968 मध्ये घोषित झालेले हे सुमारे 86 चौरस किलोमीटरचे रान पैंगीणच्या बाजूला आहे. दुपारी तेथे जाऊ नये. तेव्हा सगळे निपचित असते. सकाळी मात्र आधी फांद्यांचा आवाज आला आणि मग लांबलचक शेपटीचे शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावताना दिसले. मनोऱ्यावर तासभर न बोलता बसल्यावर धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. गवे दिसले नाहीत, खुरांचे ठसे मात्र दिसले.

येत्या डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे. मुक्काम याच हॉस्टेलमध्ये असेल. होडीत मात्र डॉल्फिनांपासून दूर थांबून इंजिन बंद ठेवण्याचे होडीवाल्याने आधी कबूल केले, तरच बसू.