बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: 5 पैकी 3 तारे

आकडे मोठे आहेत, सेल भरपूर टिकतात आणि बोट घातलं की आपोआप सुरू होतो. तक्रार वेगळीच आहे.

बाबांना न्यूमोनिया झाला त्या रात्री ते दोन शब्द बोलून दम घ्यायला थांबत होते. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 94 टक्के. त्या आकड्यावर विसंबून मी सकाळपर्यंत थांबले. हॉस्पिटलात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची थेट तपासणी केली, तर 87. डॉक्टर म्हणाल्या, "काका चांगलेच सावळे आहेत. अशा त्वचेवर हे मशीन कधीकधी जास्त दाखवतं." मी हादरलेच. हे खोक्यावर का लिहिलेलं नाही?

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि रक्तात किती शोषला गेला ते मोजून ऑक्सिजनचा अंदाज काढतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. मशीन प्रामुख्याने गोऱ्या बोटांवर जुळवलेलं असेल तर चूक आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते. अमेरिकेतला डिसेंबर 2020 चा अभ्यास वाचला. ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्तातली पातळी प्रत्यक्षात 88 च्या खाली होती, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के तपासण्यांत निघालं, गोऱ्यांच्या 3.6 टक्के. आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या एफडीए या सरकारी संस्थेच्या 2013 च्या सूचनांप्रमाणे चाचणीत गडद त्वचेची दोन माणसं असली तरी चालत होतं! जानेवारी 2025 च्या नव्या मसुद्यात निदान 150 माणसांवर, सगळ्या वर्णांच्या त्वचेवर चाचणी करायला सांगितलं आहे. इतक्या जणांवर तपासलेलं मशीन गोऱ्या माणसालाही जास्त भरवशाचं मिळेल. कारण गोऱ्यांच्याही 3.6 टक्के तपासण्यांत मशीन फसलंच होतं. शिवाय 90 हा आकडा प्रत्यक्षात 86 ते 94 मधला काहीही असू शकतो, मग बोट कुणाचंही असो. हात गार पडले किंवा नखाला नेलपॉलिश असली तरी आकडा चुकतो.

आता आमच्या वहीत आकड्याशेजारी मिनिटाचे श्वासही लिहितो. परवा आईला ताप होता. आई गोरीपान, आकडा 96. पूर्वी मी तेवढ्यावर निर्धास्त झोपले असते. मिनिटाचे श्वास मोजले तर 28, म्हणजे बरेच जास्त. लगेच दवाखान्यात नेलं. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला, अगदी सुरुवातीचा. तिला दाखल करावं लागलं नाही.

घेणार असाल तर कंपनीला आधी विचारा, कोणकोणत्या वर्णाच्या त्वचेवर तपासलाय. मी विचारलं आहे, उत्तर आलं की इथेच लिहीन.