गोसेरेलिनची सुई : अकरा महिने, तेरा डोस

गेल्या मंगळवारी तेरावी सुई झाली. अकरा महिन्यांत तेरा. हा हिशोब पहिल्या दिवशीच कुणी समजावून सांगितला असता तर मधली एक चूक टळली असती. म्हणून आठवेल तेवढं सगळं लिहिते आहे. ज्यांची सुई आता सुरू होणार आहे त्यांना उपयोग व्हावा.

मी सोलापूरची, वय ४२. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या बायकांच्या हार्मोनवर वाढणारा. ऑपरेशन, केमो, रेडिएशन उरकलं आणि घरात सगळ्यांना हुश्श वाटलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हार्मोनचा इलाज, निदान पाच वर्षं. रोज इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची एक गोळी आणि दर २८ दिवसांनी पोटात गोसेरेलिनची ३.६ मिलिग्रॅमची सुई. झोलाडेक्स या नावाने बऱ्याच जणांना ती माहीत असेल.

केमोत माझी पाळी थांबलीच होती. मग सुई कशाला, असं मी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. केमोने थांबलेली पाळी कायमची गेली असं माझ्या वयात धरता येत नाही, बीजकोश (ओव्हरी) केव्हाही जागे होऊ शकतात. त्यात लेट्रोझोलची गोळी जागे असलेल्या बीजकोशांना उलट डिवचते. ते पूर्ण शांत असतील तरच ती गोळी कामाची. म्हणजे माझ्या बाबतीत सुई चुकली की गोळीही वाया. ही एक गोष्ट नीट कळली आणि पुढचे सगळे त्रास सोसायला बळ आलं.

सुईचं काम कसं चालतं तेही सांगते, कारण 'हार्मोनचा इलाज' या नावावरून वाटतं की हे औषध हार्मोन मारतं. तसं नाही. मेंदूतून एक निरोप ठरावीक वेळाने, थांबून थांबून सुटतो. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतो आणि ती बीजकोशांना कामाला लावते. गोसेरेलिन तोच निरोप देतं, पण न थांबता. दाराची कडी कुणी सारखी वाजवत राहिलं तर घरातला माणूस आधी दोन-चारदा धावत येतो आणि मग उठायचंच सोडतो, तसं पिट्युटरीचं होतं. म्हणून सुरुवातीला थोडे दिवस हार्मोन वाढतात आणि साधारण तीन आठवड्यांत रजोनिवृत्तीच्या पातळीला खाली येतात. मेंदूतल्या या निरोपाची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि त्या कामासाठी शॅली आणि गिलमां यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बीजकोश थांबवले तर स्तनाचा कॅन्सर आक्रसतो ही कल्पना त्याहून जुनी. ग्लासगोच्या बीटसन नावाच्या सर्जनने १८९६ मध्ये बीजकोश काढून ते दाखवलं होतं. मलाही डॉक्टरांनी तो पर्याय दिला होता : दुर्बिणीतून बीजकोश काढून टाका, सुयांची कटकट नको. मी नाही म्हटलं. एवढ्या कापाकापीनंतर शरीरातलं आणखी काही कायमचं काढायला मन धजेना. सुई नको झाली तर थांबवता तरी येते.

आता सुईबद्दल. ती जाड असते, १६ गेजची. आमच्या कारखान्यात गठ्ठे शिवायला दाभण असतं, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तेच आठवलं. इतकी जाड का, तर आत पातळ औषध नसतं. भाताच्या शितासारखी पांढरट कांडी असते आणि ती अख्खी कातडीखाली सोडायची असते. कांडी ज्या पदार्थाची असते त्याच जातीचे विरघळणारे टाके असतात, त्यामुळे ती आपोआप विरते, काढावी लागत नाही. अर्धवट रेलून झोपवतात, बेंबीच्या खाली पोटाची वळी चिमटीत धरतात आणि तिरकी सुई घालतात. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की टिच असा आवाज होऊन सुईवर आवरण सरकतं. तो आवाज ऐकला की मी श्वास सोडते.

पहिल्या दोन वेळा कळ थेट पाठीपर्यंत गेली. तिसऱ्या वेळी सिस्टरनीच सांगितलं, "ताई, तासभर आधी बधिर करायचं क्रीम लावून, वरून पट्टी चिकटवून या." तेव्हापासून दाब तेवढा जाणवतो. जागा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोनदा काळंनिळं झालं, आठवड्यात गेलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई देणाऱ्याला आधी सांगा, तिथे रक्तस्राव होऊ शकतो.

आता ती चूक. माझ्या फाईलवर कुणीतरी 'दर महिन्याला' असं लिहून ठेवलं होतं. मी आणि नवऱ्याने महिना म्हणजे महिना धरला. ५ तारखेला सुई, पुढची पुढच्या ५ तारखेला. कधी तीन दिवस उशीर, कधी दोन. त्यात एकदा मुलाची परीक्षा आली म्हणून आणखी तीन दिवस ढकलले. सहा दिवस उशिरा गेले तेव्हा डॉक्टरांनी तारखा मोजल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. रक्तातलं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन, तपासलं. ते खालीच निघालं, देवाची कृपा. पण रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी जेवले नाही. अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे, चार आठवडे. वर्षाला बारा नाही, तेरा सुया. एकदा हे डोक्यात बसलं की सोपं आहे, कारण चार आठवडे म्हणजे दर वेळी तोच वार. मी मंगळवार धरला. आमच्या घरी तो तुळजाभवानीचा वार, सासूबाईंचा उपास असतो, त्यामुळे विसरायची सोय नाही. कॅलेंडरवर वर्षभराचे मंगळवार लाल पेनने एकदम गोल करून ठेवलेत. सुट्टी किंवा लग्न येत असेल तर आधीच डॉक्टरांना विचारते.

तीन महिन्यांची १०.८ मिलिग्रॅमची सुईही असते. मी ती मागितली होती, डॉक्टर म्हणाले तुमच्यासाठी २८ दिवसांचीच. आमच्या वेटिंगमध्ये करमाळ्याकडचे एक आजोबा येतात, त्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ती बारा आठवड्यांनी देतात. पुरुषांना हीच सुई चालते याचं मला फार नवल वाटलं होतं. त्यांच्यात ती टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणते. सुरुवातीचे दिवस ते वाढतं, तेवढ्यापुरती त्यांना आधीपासून वेगळी गोळी सुरू केली होती. आजोबांनाही माझ्यासारख्या घामाच्या वाफा येतात, म्हणजे अचानक अंग तापून घाम फुटतो. आम्ही दोघं शेजारी बसून एकाच वर्तमानपत्राने वारा घेतो. तिथेच बार्शीची एक कॉलेजातली मुलगी भेटली, तिला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार. पाळीत लोळायची म्हणे. तिला सहाच सुया, शिवाय हाडं आणि वाफांसाठी थोडं हार्मोन परत देणारी गोळी. तिच्यासाठी ती गोळी बरोबर आहे, माझ्यासाठी मुळीच नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण औषधाचं नाव एकच ऐकून बायका एकमेकींच्या गोळ्या विचारतात. आजार वेगळा तर नियम वेगळे.

सोलापूरकरांनी लक्षात ठेवायची दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. डब्यावर लिहिलेलं असतं, २५ अंशांच्या वर ठेवू नका. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडून वर जातो आणि घरातल्या भिंतीही रात्रभर तापलेल्या असतात. मे महिन्यात एका दुकानाचा पोरगा दुपारी दोन वाजता साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, मोटारसायकलच्या हँडलला अडकवून डबा घेऊन आला. मी हात लावून पाहिला तर डबा कोमट. परत पाठवला. दुकानदार चिडला, "काही होत नाही मॅडम" म्हणाला. होतं की नाही हे मला डोळ्यांनी दिसणार नाही, हीच तर भीती आहे. कांडी बाहेरून तशीच दिसते. तेव्हापासून मी स्वतः सकाळी लवकर थंड डबा घेऊन जाते. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळते, म्हणजे औषध थेट गोठणार नाही, आणि दुकानातून सरळ दवाखान्यात. घरी साठवतच नाही. किमतीत दुकानागणिक फरक पडतो. तीन ठिकाणी विचारा, लाजू नका. आमच्या पगारातला हा मोठा घास आहे आणि विम्याचा दावा दोन वेळा परत आला, तेव्हा बिल, बॅच नंबरचं लेबल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवायची सवय लावा.

त्रास. एरवी पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास हळूहळू येणारी रजोनिवृत्ती मला तीन आठवड्यांत आली. वाफा सर्वांत आधी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी अक्षता सोहळ्याला आम्ही सगळे संमती कट्ट्याकडे गेलो होतो. थंडी होती, बायका शाली घेऊन उभ्या होत्या. अचानक छातीतून ऊब निघाली, गळ्यावरून कानापर्यंत चढली, कान तापले, पाठीवरून घामाची धार. मी शाल नणंदेच्या हातात दिली आणि पदर मोकळा करून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या थंडीत घामाघूम कशी झालीस? ताप आहे का?" दोन मिनिटांत सगळं ओसरलं आणि मग हुडहुडी भरली. दिवसाला दहा-बारा वेळा व्हायचं. रात्री तीन-चारदा उठून गाऊन बदलायचे. उन्हाळ्यात तर वाफ कुठली आणि सोलापूरचा उकाडा कुठला हेच कळेना.

सहाव्या महिन्यात मी डॉक्टरांपुढे रडले, तेव्हा त्यांनी रात्रीसाठी गॅबापेंटिन दिलं. झोप बरीच सुधारली. मी सहा महिने सोसत बसले ते 'कॅन्सर गेला हे काय कमी आहे' असं वाटून. तसं करू नका. सांगितलं की इलाज निघतो.

सकाळी बोटं आखडतात, हे जास्त लेट्रोझोलमुळे. मला भाकरी थापता येईना. पीठ मळायचं जमायचं, पण थापताना तळहात पसरत नव्हता आणि भाकरीची कड फाटायची. वीस वर्षं रोज थापलेली भाकरी. त्या दिवशी काठवटीपुढे मी हात तसेच पिठात ठेवून बसून राहिले. आता उठल्यावर कोमट पाण्यात हात धरते, रबरी चेंडू दाबते, रोज चाळीस मिनिटं सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला चालते. दहा वाजेपर्यंत बोटं मोकळी होतात. भाकरी दुपारी करते.

हाडांकडे दुर्लक्ष नको. सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला तर हाडं थोडी विरळ निघाली. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि सहा महिन्यांनी एकदा हाडं टिकवणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाइन. त्याआधी दात तपासून घ्यायला लावतात. पहिल्या सलाइननंतर दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी, दुसऱ्या वेळी काहीच नाही.

एक गोष्ट बायका बोलत नाहीत, मी बोलते. कोरडेपणा. नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली, दुखायचं म्हणून. त्याला वाटलं मी दुरावले. शेवटी एकदा गच्चीवर बसून सरळ सांगितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर मिळतं, त्याने फरक पडला. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. आणि पाळी नाही म्हणून दिवस राहणार नाहीत असं धरू नका, बिगर हार्मोनचं साधन वापरायलाच हवं. मध्येच अंगावरून लाल गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शेजारच्या काकूंनी मायेने शतावरी कल्प आणून दिला होता. डॉक्टरांनी नको म्हटलं, इस्ट्रोजेनसारखं काम करणारी वनस्पती आपल्या आजारात नको. काकूंना वाईट वाटलं. त्यांना घरी बोलावून, डॉक्टरांनी काढलेलं ते चित्र दाखवलं. त्या ऐकत राहिल्या, आणि दर चौथ्या मंगळवारी आता त्याच माझ्याबरोबर येतात, कारण नवऱ्याला सुट्टी मिळत नाही.

चौदावी सुई दसरा झाल्यावर आहे. क्रीमची ट्यूब संपत आली, ती आणायची आहे. डेक्साला वर्ष होतंय, त्याची चिठ्ठी मागायची आहे. आणि रात्रीची गोळी कमी करता येईल का, हे वहीत लिहून ठेवलंय. गेल्या वेळी टिच आवाज झाला आणि मी विचारायचंच विसरले.