जुनी स्कॉर्पिओ देऊन स्कॉर्पिओ-एन: आम्ही काय काय तपासलं

आमची स्कॉर्पिओ 2015 ची, डिझेल, मागे समोरासमोर आडव्या सीट असलेली. तिच्या इंजिनाबद्दल वाईट बोलायला जागाच नाही. खानापूरला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे या गाडीने बियाण्यांची पोती वाहिली, लग्नांना पाहुणे नेले, सासूबाईंना सौंदत्तीच्या यल्लम्माचं दर्शन घडवलं. तरीही ती एक्स्चेंजला देऊन स्कॉर्पिओ-एन घ्यायची असं घरात ठरलं. गाडी चांगली चालत असताना बदलायची कशाला, असं विचारणारे खूप भेटले, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मुख्य कारण मागची ती आडवी सीट. मुलं लहान होती तेव्हा तीच त्यांची हक्काची जागा होती. आमच्या गाडीत तिथे बेल्ट नाहीत आणि एअरबॅग तर पुढेही नाहीत. माझी नणंद गोव्यात साखळीला असते, म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ला घाट हा आमचा नेहमीचा रस्ता. पावसाळ्यात तिथे धुकं, खड्डे, समोरून अचानक येणारे ट्रक. जुनी गाडी उंच, वळणावर अंग टाकते. मागची मुलं एकमेकांवर जातात आणि मोठीचं डोकं आता काचेपर्यंत पोचतं. गाडी मीच चालवते, आणि दर वळणाला माझा एक डोळा आरशात असतो.

2016 साली ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने जुन्या स्कॉर्पिओचं एअरबॅग नसलेलं मॉडेल आदळून पाहिलं होतं. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी त्याला पाचपैकी शून्य तारे मिळाले. डिसेंबर 2022 मध्ये त्याच संस्थेने स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे दिले. मुलांचे तीनच, हेही लक्षात ठेवायला हवं. पण शून्यावरून इथवर येणं ही माझ्या लेखी टचस्क्रीन, सनरूफ या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे. सहा एअरबॅग वरच्या मॉडेलमध्ये येतात, खालच्यांत दोन. पैसे वाचवायचे तर चाकं, सीटकव्हर, म्युझिक यांत वाचवा, इथे नको.

टेस्ट ड्राइव्हला मी सगळं घर घेऊन गेले. शोरूमच्या मुलाने नेहमीचा छोटा फेरा सांगितला, मी नाही म्हटलं. आधी हायवेने काकतीच्या पुढे वंटमुरी घाटापर्यंत, मग परत येऊन थेट बेळगावच्या खडेबाजारात. घाटात फरक लगेच कळला. आमच्या गाडीच्या इंजिनाची ताकद 120 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), या डिझेलची 175 पीएस. चढावर मागे पाच माणसं असूनही गिअर खाली घ्यावा लागला नाही. त्याहून मला आवडलं ते वळणावरचं बसणं. गाडी झुकते, पण सावरून झुकते. सासूबाई मधल्या सीटवर होत्या. एरवी घाट सुरू झाला की त्या पुढच्या सीटची पाठ घट्ट धरतात. या वेळी हात मांडीवरच होते, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःहून सांगितलं, "पाठीला बरं वाटतंय गं हिच्यात." त्यांच्या गुडघ्यांना चढताना मात्र त्रास झाला. पायरी लावून घ्यावीच लागेल.

आता खटकलेल्या गोष्टी. तिसऱ्या रांगेत मुलं नीट बसली, पण माझे दीर बसले तेव्हा गुडघे छातीशी आले. मधली सीट पुढे सरकत नाही, त्यामुळे मागच्यांना पाय लांब करायला जागा देता येत नाही. तिसरी रांग उघडी असेल तर डिकीत दोन पिशव्या कशाबशा मावतात. आमच्या जुन्या गाडीत आडव्या सीटच्या मधल्या जागेत अर्धा संसार जायचा. मागचं दार अजूनही बाजूला उघडतं, म्हणजे बाजारात मागे कुणी गाडी चिकटवून लावली तर सामान काढता येत नाही. आणि रुंदी! जुनी 1820 मिलिमीटर, ही 1917. कागदावर दहा सेंटिमीटरचाही फरक नाही, पण खडेबाजारात एका बाजूला हातगाडी आणि दुसऱ्या बाजूला उभी स्कूटर असताना आरसे मिटून घ्यावे लागले. ज्यांचं घर शहापूरच्या किंवा वडगावच्या अरुंद गल्लीत आहे, त्यांनी गाडी आपल्या दारापर्यंत नेऊन बघितल्याशिवाय बुकिंग करू नये. ज्यांना नेहमीच सात मोठी माणसं आणि त्यांचं सामान न्यायचं असतं, त्यांना इनोव्हा जास्त सोयीची पडेल.

डिझेलवाल्यांसाठी एक मुद्दा. बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी मधूनमधून सलग वेगात पळावी लागते. आमची खानापूर-बेळगाव ये-जा असते म्हणून चिंता नाही. फक्त शहरातल्या शहरात, टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरणार असाल तर पेट्रोल बघा.

एक्स्चेंजसाठी किंमत लावायला आलेला माणूस कामाला पक्का होता. त्याने दाराचं रबरी बीडिंग ओढून काढलं आणि आतले कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके मोबाइलच्या बॅटरीने एकेक बघितले. मग पत्र्यावर रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र ठेवत चारी बाजू फिरला. डाव्या मागच्या दारावर आकडा चढला तसा म्हणाला, "अक्का, हे दार रंगवलेलं आहे." खरंच होतं, बैलगाडीचा दांडा घासला होता. चाकांच्या कमानीत बोट घालून त्याने जांबोटीची लाल माती काढून दाखवली. धुऊन पुसून आणलेल्या गाडीतही ती राहतेच. त्याने सांगितलेला आकडा आमच्या अपेक्षेपेक्षा कमी होता, वर एक्स्चेंज बोनस वेगळा. या दोन रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या. एकत्र सांगितल्या की गाडीची खरी किंमत किती धरली ते कळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवर सेस जाऊन सरळ 40 टक्के जीएसटी झाला. आधी दोन्ही मिळून आकडा पन्नासच्या घरात होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, हे भाव करताना डोक्यात असू द्या.

चंदगडचा एक शेतकरी शोरूमपेक्षा बराच जास्त भाव द्यायला तयार होता. आडव्या सीटच्या गाडीला खेड्यापाड्यांत अजून मागणी आहे. पण गाडी केए-22 ची, म्हणजे बेळगावला नोंदलेली, आणि तो महाराष्ट्रातला. नावावर करायची तर बेळगाव आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), मग तिकडे पुन्हा कर. "तुमच्याच नावावर राहू दे, दोन्हीकडं आपलीच माणसं आहेत," असं त्याचं म्हणणं. माणूस सरळ आहे, यात शंका नाही. पण उद्या अपघात झाला तर नोटीस आरसी बुकावरच्या नावालाच येते. आम्ही नाही म्हटलं आणि एक्स्चेंजच पत्करलं.

कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर, म्हणजे महाराष्ट्रात नोंदवून, नवी गाडी घ्यायचा सल्लाही बाजूला ठेवला. कर्नाटकात 10 ते 20 लाखांच्या गाडीला 17 टक्के आजीवन कर, 20 लाखांच्या वर 18 टक्के, शिवाय सेस वेगळा. महाराष्ट्रात तो कमी बसतो, हे खरं. पण परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथली नोंदणी आणि इथला कर आलाच. राहायचं खानापूरला तर कर इथेच भरायचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी देताना नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं पत्र विमा कंपनीकडून आधी मागून घ्या. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या विम्यात वळवता येतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, आणि शोरूमवाले स्वतःहून आठवण करतीलच असं नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून देऊ नका. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली शिक्क्याची पावती घ्या, आणि नाव बदलल्याची आरसीची प्रत कधी मिळणार ते त्याच पावतीवर लिहून मागा. आमच्या पावतीवर ते त्यांनी लिहून दिलंय.