इंग्रजी संभाषणाचं ॲप: देवगडात सराव, यॉर्कशरमध्ये वापर

मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी इंग्रजी संभाषणाच्या ॲपवर पैसे घालावेत का, असं देवगडात मला आता बरेच जण विचारतात. जरूर घालावेत. फक्त ते वापरायचं कसं, हे ॲप सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या पावसाळ्यात वर्षाची वर्गणी भरली आणि वैशाखात आम्ही दोघं मुलाकडे, इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या लीड्सला गेलो. पावसात आमच्याकडे ना विजेचा भरवसा ना नेटवर्कचा, त्यामुळे धडे फोनवर उतरवून ठेवता येतात याचं मोल मला फार वाटलं. जेवणं आवरली की पडवीत बसून ह्यांच्याबरोबर सराव चाले. ते तिकीटवाले, मी प्रवासी, मग उलट.

विमानतळाचे धडे उत्तम. इमिग्रेशनवर तेच विचारलं: कशासाठी आलात, किती दिवस, कोणाकडे उतरणार. हॉटेलचे धडे मात्र ढीगभर आहेत आणि मुलाच्या घरी राहणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. ते सरळ सोडून द्या.

मोठी उणीव अशी, की ॲप आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतं, समोरून येणारा उलटा प्रश्न ओळखायला शिकवत नाही. स्टेशनवर 'टू टिकेट्स टू यॉर्क, प्लीज' म्हटलं की लगेच 'सिंगल ऑर रिटर्न?' येतं आणि पाठोपाठ 'एनी रेलकार्ड?' (साठी पूर्ण झालेल्यांनी सीनियर रेलकार्ड काढलं तर बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते, हे धड्यात कुठेच नाही.) दुकानात 'नीड अ बॅग?', कॉफीच्या ठिकाणी 'ईट इन ऑर टेक अवे?' हे सगळं भरभर, अर्धे शब्द गिळून. ॲपमधला आवाज अमेरिकन आणि सावकाश. म्हणून निघण्याआधी मी धड्यांचा वेग वाढवला, मजकूर बंद केला आणि नुसतं ऐकलं. तिकडे गेल्यावर त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

दुसरं, आपल्या घरच्या सवयींपुरती वाक्यं आपणच तयार करावी लागतात. लीड्सहून कोस्टलायनरची बस थेट व्हिटबीला जाते. नदीच्या मुखाशी मासेमारीचं बंदर, कड्यावर जुन्या मठाचे अवशेष, तिथवर १९९ पायऱ्या. बंदर बघून आम्ही दोघंही खूश झालो. मासे खाल्ल्याशिवाय परतणं शक्यच नव्हतं. 'कॉड ऑर हॅडॉक?', 'सॉल्ट अँड व्हिनेगर?' हे ऐकून कळण्याइतपत तयारी झाली होती. पण यॉर्कशरमधल्या बऱ्याच दुकानांत मासे आणि बटाटे गाईबैलांच्या चरबीत तळतात, त्याला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात. मुलानं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घरी पाठ केलेलं वाक्य विचारलं: 'डू यू फ्राय इन व्हेजिटेबल ऑइल?' दुकानातल्या बाईंनी नाही म्हणून सांगितलं आणि तेलात तळणारं दुकान कुठे आहे ते बाहेर येऊन दाखवलं. तिथला हॅडॉक ताजा होता. आपल्या सुरमईची चव त्याला नाही, पण मांस पांढरंशुभ्र आणि काटा जवळजवळ नाहीच. कोकणातून जाणाऱ्या प्रत्येकानं हे एक वाक्य पाठ करूनच विमानात बसावं.

आणीबाणीच्या धड्यात अमेरिकेचा ९११ नंबर आहे. ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२ लावायचा. तिथे पहिला प्रश्न येतो तो कोणती सेवा हवी हा: पोलीस, अग्निशमन की रुग्णवाहिका. तातडीचं नसेल तर इंग्लंडमध्ये वैद्यकीय सल्ल्यासाठी १११. हे नंबर मी कागदावर लिहून ह्यांच्या पाकिटात ठेवले होते.

औषधांच्या दुकानातले धडे मात्र बारकाईनं केलेत. आणखी कोणती औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, हे दोन्ही प्रश्न ह्यांच्या खोकल्याच्या वेळी आम्हाला जसेच्या तसे विचारले गेले.

वर्गणी मी पुन्हा भरली आहे. या पावसाळ्यात दवाखान्याचे धडे करायचे आहेत, आणि या वेळी रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा ह्यांनी स्वतः सांगायची, असं ठरलंय.