विश्रामबागेतला बायकांचा दवाखाना : एक स्टार कापलाय, कारण खाली

ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. त्यात एका लॅबच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरची शंका असली की रक्तात बघतात ते) वाढलेलं आलं आणि सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ. जाऊबाईंनी लगेच मिरजेतले कॅन्सरचे डॉक्टर सुचवायला सुरुवात केली.

मॅडमनी कागद बाजूला सारून आधी तपासलं. सीए-१२५ गर्भनलिकांना सूज असली तरी वाढतं, अगदी पाळीतही वाढतं, म्हणाल्या. गाठ साध्या पाण्याची, दोन-तीन पाळ्यांनी पुन्हा बघू. स्वॅब पाठवला, त्यात क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा जंतू, निघाला.

मग मी थेटच विचारलं, यातून कॅन्सर होतो का? बाहेर एवढी गर्दी, तरी खुर्ची पुढे ओढून त्यांनी सांगितलं. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. पोलंड आणि अमेरिकेतल्या बायकांच्या रक्तात या जंतूच्या जुन्या खुणा शोधल्या. ज्यांच्यात त्या ठळक होत्या, त्यांना अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट दिसला. यातले बरेच कॅन्सर मुळात गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतात आणि हा जंतूही तिथेच सूज आणतो, म्हणून शंकेला जागा आहे. पण याच्यामुळेच होतो, हे सिद्ध झालेलं नाही. दुप्पट म्हटलं तरी मुळात हा कॅन्सर कमी बायकांना होतो. नलिका बंद पडणं, नळीत गर्भ राहणं हे धोके मात्र पक्के, त्यासाठी गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. डॉक्सीसायक्लिन आणि सोबतच्या गोळ्या, चौदा दिवस.

आमच्या ह्यांनाही आत बोलावलं. "कुणाकडून आलं ते उकरत बसू नका, हा जंतू महिनोन् महिने गुपचूप राहतो. गोळ्या दोघांनी घ्यायच्या, तोवर जवळ यायचं नाही." ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण गोळ्या घेतल्या.

आता कापलेला स्टार. काउंटरवरची मुलगी "अंगावरून जातंय ना?" असं भरल्या बाकड्यांसमोर विचारते. माझ्या शेजारी आमच्याच गल्लीतल्या काकू बसल्या होत्या! शिवाय टोकन घेऊनही दोन तास गेले.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. तो घरच्यांच्या नंबरवर जायला नको असेल, तर नाव नोंदवतानाच स्वतःचा नंबर द्या, नंतर बदलत नाहीत.