बूट-रिपेअर: फुकट आणि कामाचं, पण मोठं बटण दाबण्याआधी अहवाल वाचा

लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता थेट लिनक्स सुरू करून देणारा, ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे बूट-रिपेअर आधीच आलेलं आहे. मशीन सुरू होताना विंडोज की लिनक्स असं विचारणारा मेनू हरवला, तर तो परत आणणारं हे औजार. लाइव्ह सुरू झाल्यावर मेनूत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'खाली ते सापडतं. उबंटूच्या लाइव्हमध्ये मात्र नसतं. तिथे इंटरनेट जोडून 'यानउबंटू' नावाच्या पीपीएमधून (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यातून) घ्यावं लागतं, दोन-तीन मिनिटांचं काम. पैसे लागत नाहीत, खातं काढावं लागत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

या औजारावर सविस्तर लिहायचं कारण सरळ आहे. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हा मशीनमधला सुरक्षा-घटक लागतो. जुना पण धडधाकट लॅपटॉप टाकून द्यायचा नाही, टॅलीसाठी विंडोजही हवी, मग शेजारी मिंट बसवायचं, हा मार्ग इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत निवडला जातोय. रामबाग असो की सुदामा नगर, मुलं कॉलेजसाठी लिनक्स वापरतात आणि वडील त्याच मशीनवर हिशेब करतात. एक दिवस मशीन सुरू होताना मेनूच येत नाही. आरएनटी मार्गावर किंवा जेल रोडवर दुरुस्तीला नेलं, तर बऱ्याच टेबलांवर पहिलं वाक्य ऐकू येतं, 'फॉरमॅट मारून देतो'. दहापैकी बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. डेटा जागेवर असतो, दोन्ही सिस्टिम जिवंत असतात, हरवलेली असते ती फक्त वाट.

ती वाट परत बांधणं हे बूट-रिपेअरचं काम, आणि ते काम ते चांगलं करतं. पण त्याला मशीनचा डॉक्टर समजू नका. ते एका आजाराचं औषध आहे.

उघडल्यावर ते आधी सगळ्या डिस्क चाळतं; जुन्या हार्डडिस्कवर याला वेळ लागतो, खिडकी अडकली असं वाटलं तरी बंद करू नका. मग मोठं बटण दिसतं, 'रेकमेंडेड रिपेअर', म्हणजे शिफारस केलेली दुरुस्ती. नवखा माणूस तेच दाबतो. आमचं म्हणणं, आधी खालचं 'बूट-इन्फो'चं बटण दाबा. त्याने डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, फक्त अहवाल तयार होतो. तो इंटरनेटवर चढवू का असं विचारतं. मदत मागायची असेल तर हो म्हणा आणि मिळालेली लिंक कागदावर उतरवून ठेवा.

अहवाल लांबलचक असतो, पण तीनच गोष्टी बघायच्या. पहिली, फॅट३२ असलेलं छोटं ईएफआय पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा कप्पा. विंडोज ते साधारण १०० एमबीचं करते. त्यात 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'उबंटू' ही दोन्ही फोल्डरं दिसली तर निम्मी काळजी मिटली. मिंट वापरत असाल तरी नाव 'उबंटू'च दिसेल, कारण मिंट तेच फोल्डर वापरतं. चुकीचं काहीतरी बसलंय असं समजून ते पुसू नका. दुसरी, विंडोजच्या पार्टिशनपुढे 'बिटलॉकर', म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, लिहिलंय का. लिहिलं असेल तर थांबा, ४८ अंकी रिकव्हरी की हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात 'डिव्हाइसेस'खाली मिळते, ते पान मोबाइलवरही उघडतं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी बसवली की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, त्यामुळे 'आम्ही तर काही लावलंच नाही' असं म्हणणाऱ्यांच्या मशीनवरही ते असू शकतं. तिसरी गोष्ट, 'एमबीआरमध्ये बूटलोडर नाही' अशी ओळ. एमबीआर म्हणजे डिस्कचा अगदी पहिला कप्पा, बूटलोडर म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम. ही ओळ वाचून लोक घाबरतात. यूईएफआय मशीनवर, म्हणजे नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनवर, ती ओळ असणं साहजिक आहे, बूटलोडर तिथे राहतच नाही.

दुरुस्ती सुरू करण्याआधी आणखी एक तपासणी, आणि हिच्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एक नुसत्या नावाने आणि एक 'यूईएफआय' लिहिलेला. दुसराच निवडायचा. पहिल्यावरून सुरू केलंत तर लाइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीने चालतं आणि बूट-रिपेअर त्याच जुन्या पद्धतीचा ग्रब (लिनक्सचा बूटलोडर, मेनू दाखवतो तो) बसवायला निघतं, जो त्या मशीनवर कधीच चालणार नाही. खात्री करायची असेल तर फाइल मॅनेजरमध्ये 'सिस', त्यात 'फर्मवेअर' उघडून पाहा. आत 'ईएफआय' नावाचं फोल्डर असेल तर बरोबर पद्धतीने आलात. बूट मेनूसाठी डेल, लेनोव्हो, एसरवर एफ१२, एचपीवर एफ९ आणि आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप.

आता 'रेकमेंडेड रिपेअर'. नेहमीच्या केसमध्ये ते ग्रब पुन्हा बसवतं, मेनू नव्याने लिहितं आणि पाच-दहा मिनिटांत मोकळं होतं. काही वेळा मात्र ते जुना ग्रब मुळापासून काढून नवा उतरवायचं ठरवतं. तेव्हा खिडकीत लांब आज्ञा दिसतात आणि त्या टर्मिनलमध्ये चिकटवायला सांगितलं जातं. चिकटवल्यावर टर्मिनलमध्येच एक राखाडी चौकट येते, बूट फोल्डरातून ग्रब काढू का असं विचारते. माउस तिथे चालत नाही. टॅबने 'येस'वर जायचं आणि एंटर. ही पायरी अर्ध्यावर सोडणं सगळ्यात वाईट, कारण जुना ग्रब गेलेला असतो आणि नवा आलेला नसतो. म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट डगमगत असेल तर सुरूच करू नका. पावसाळ्यात इंदूरला लाइट जाते तेव्हा सांगून जात नाही; डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर बॅटरी अर्ध्याच्या वर असतानाच हे काम काढा.

शेवटी यशाचा संदेश येतो, आणि त्याच्या तळाशी एक वाक्य असतं: तुमच्या यूईएफआय फर्मवेअरला 'शिमएक्स६४' या फाइलवरून सुरू व्हायला सांगायला विसरू नका. हे वाक्य न वाचता खिडकी बंद केली जाते. मशीन पुन्हा सरळ विंडोजमध्ये जातं आणि औजाराला नावं ठेवली जातात. औजाराने त्याचं काम केलेलं असतं. तुम्ही बायोस सेटअपमध्ये जाऊन बूटच्या क्रमात 'उबंटू' वर आणायचं आणि 'विंडोज बूट मॅनेजर' खाली ढकलायचं.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, हट्टी असतं, क्रम बदला, जतन करा, पुढच्या वेळी विंडोज परत पहिली. त्यावर उपाय विंडोजच्या बाजूनेच आहे. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि बीसीडीएडिट या आज्ञेने 'बूटएमजीआर'चा (विंडोजच्या बूट मॅनेजरचा) पाथ उबंटूच्या फोल्डरातल्या शिमएक्स६४ फाइलकडे वळवायचा. कमांड प्रॉम्प्टच वापरा, पॉवरशेल नको; या आज्ञेतले महिरपी कंस पॉवरशेल वेगळ्या अर्थाने घेतं आणि आज्ञा फसते.

बूट-रिपेअरमध्ये याच हट्टी फर्मवेअरसाठी एक जुनी युक्ती आहे, विंडोजच्या ईएफआय फाइलचं नाव बदलून तिच्या जागी ग्रब ठेवायचा. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये ती खूण दिसते. आमच्या मते ती लावूच नये. विंडोजचं पुढचं अपडेट स्वतःची फाइल परत आणतं, किंवा विंडोज सुरूच व्हायला नकार देते. कोणी आधीच लावून ठेवली असेल तर त्याच पानावर 'रिस्टोअर ईएफआय बॅकअप्स' आहे, त्याने मूळ फाइल परत येते.

दोन डिस्कच्या मशीनवर, म्हणजे एसएसडीवर विंडोज आणि जुन्या हार्डडिस्कवर मिंट असेल, तर 'ग्रब लोकेशन'च्या पानावर जाऊन ईएफआय पार्टिशन कोणतं निवडलंय ते डोळ्यांनी बघा. उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये एक प्रसिद्ध दोष होता: तुम्ही दुसरी डिस्क सांगितली तरी बूटलोडर पहिल्याच डिस्कच्या ईएफआयमध्ये जायचा. तशा मशीनमधून पुढे कोणी एसएसडी काढली, की हार्डडिस्कवरचं लिनक्सही सुरू होत नाही. पूर्ण शाबूत असूनही.

आता ज्या तक्रारी घेऊन लोक बूट-रिपेअर चालवतात आणि ज्यांच्याशी त्याचा काहीही संबंध नाही, त्यांच्याबद्दल. इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

मेनू येतो, उबंटू सुरू होतं, पण यादीत विंडोज नाही. हा बिघाड नाही. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवला जातो. 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे. तिच्यात 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' ही ओळ 'फॉल्स' करायची, नसेल तर लिहायची, मग टर्मिनलमध्ये 'अपडेट-ग्रब'. विंडोज सापडल्याची ओळ तिथेच छापून येते. ती आली नाही तर मग बाकीचा विचार.

लिनक्समधून विंडोजच्या डी ड्राइव्हमध्ये फाइल ठेवता येत नाही, नुसती वाचता येते. कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभा डिस्कवर झोपवून ठेवते, आणि झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिलं तर फाइली खराब होऊ शकतात म्हणून लिनक्स हात आखडतं. लिनक्सचं बरोबर आहे. त्याला बळजबरी करणाऱ्या आज्ञा इंटरनेटवर मिळतात, त्या वापरू नका. विंडोजच्या अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून जागा सोडायची आणि पुढे 'स्लॅश एच', पुन्हा जागा, 'ऑफ'. याने हायबरनेशनच बंद होतं आणि डिस्कवरची काही जीबी जागाही मोकळी होते. नुसतं आजच्यापुरतं हवं असेल तर शट डाउनऐवजी रिस्टार्ट दाबा आणि मेनूत लिनक्स निवडा. रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर बंद होते. मोठं अपडेट झाल्यावर ही सेटिंग पुन्हा एकदा बघावी.

लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे, उलट आलात तर काही वेळ साडेपाच तास पुढे. साडेपाचचा आकडाच उत्तर सांगतो. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजते. सेल बदलून काही होत नाही, आणि तरीही बदलला जातो. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल'ला 'सेट-लोकल-आरटीसी १' सांगितलं की मिटलं. ही पद्धत उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवणाऱ्या देशांत त्रास देते. आपल्याकडे तो प्रश्न नाही.

आणि ऑगस्ट २०२४ ची ती काळी स्क्रीन: 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन', आणि काही क्षणांत मशीन बंद. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित बूटलोडरांना मज्जाव केला; एसबॅट म्हणजे त्या मज्जावाची नोंद. दोन सिस्टिमच्या मशीनवर तो लागू होणार नाही असं ठरलं होतं, पण ओळखण्यात चूक झाली आणि लिनक्स अडलं. कायमची दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली. अजूनही जुना पेनड्राइव्ह लावला की हाच संदेश दिसू शकतो. तेव्हा आधी बिटलॉकरची की जवळ घ्या, सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी बायोसमधली सेटिंग) तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन 'मोकयुटिल' या आज्ञेने एसबॅट पॉलिसी 'डिलीट' करा, रिस्टार्ट करून एकदा लिनक्समध्ये परत या, सगळी अपडेट घ्या, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू. ते कायमचं बंद ठेवण्याचा सल्ला आम्हाला पटत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या बूटफाइली बिघडल्या असतील, निळ्या पडद्यावर बीसीडीचं (विंडोजच्या बूट-नोंदींच्या फाइलचं) नाव येत असेल, तर बूट-रिपेअरकडून अपेक्षा ठेवू नका. विंडोजचा पेनड्राइव्ह लावा, पहिल्याच पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, डिस्कपार्टमध्ये व्हॉल्यूमची यादी काढून छोट्या फॅट३२ पार्टिशनला 'एस' अक्षर द्या, बाहेर येऊन बीसीडीबूट या आज्ञेला विंडोजचं फोल्डर, 'एस' आणि 'यूईएफआय' सांगा. तिथे विंडोजचं अक्षर 'सी'च असेल असं नाही, आधी 'डीआयआर'ने बघा. 'फिक्सबूट'वर वेळ घालवू नका, 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणून ते बहुधा परतच पाठवतं. हे झालं की विंडोज बूटच्या क्रमात पहिली येऊन बसते, तेव्हा 'उबंटू'ला पुन्हा वर आणावं लागतं.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो त्या नाव बदलणाऱ्या युक्तीसाठी, आणि धोक्याच्या खुणा साध्या खुणांच्या रांगेत ठेवल्याबद्दल. शंका असेल तर सोबत सुपर ग्रब२ डिस्कचाही पेनड्राइव्ह ठेवा: ती काही दुरुस्त करत नाही, काही बिघडवतही नाही, सापडलेल्या सिस्टिमची यादी दाखवून हवी ती सुरू करून देते. तिच्यातून दोन्ही सिस्टिम उघडल्या तर फॉरमॅटचा प्रश्न तिथेच संपला.

आणि तरी दुकानात जावं लागलंच, तर बूट-इन्फोची लिंक लिहिलेला कागद सोबत न्या, बिटलॉकरची की स्वतःजवळ ठेवा आणि काउंटरवर एवढंच सांगा: 'भैया, फॉरमॅट नहीं, सिर्फ बूटलोडर.' पावतीवरही तेच लिहून घ्या.